आता तिथे काय आहे?

मे संपता संपता भंडारदऱ्याला निघालो म्हटलं की ओळखीतलं कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. प्रश्न रास्त आहे. धरणातून आवर्तन सुटलेलं नसेल तर रंधा धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ दिसतो. १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, काठाला गाळ भेगाळलेला. रतनगड, कळसूबाई, अलंग-कुलंग सगळे तांबूस तपकिरी. थंड हवेसाठी येणारे परत गेलेले आणि धबधब्याखाली भिजायला येणारे अजून महिनाभर लांब. थोडक्यात, फोटो काढण्यासारखं काही नाही.

मला नेमके हेच दोन दिवस आवडतात. ऑगस्टमधला सह्याद्री हिरवा असतो हे बघायला तिथवर जायलाच हवं असं नाही, कॅलेंडरवरही तो तसाच असतो. पण उन्हाळा पावसाळ्याच्या हाती कारभार सोपवतो कसा, हे बघायचं तर त्या सांध्यावरच जाऊन बसावं लागतं. आणि बसावंच लागतं, कारण फिरायला तसं काही नसतं. दोन दिवसांची खरीखुरी सुट्टी मला तरी अशीच मिळते.

हा सांधा नेमका कधी येतो, याची उत्तरं मात्र ज्याची त्याची वेगळी. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत पोचतो. पंचांगात २५ मेच्या सुमाराला रोहिणी लागते आणि ७-८ जूनला मृग. ही नक्षत्रं म्हणजे सूर्याचा मुक्काम. आकाशातल्या ताऱ्यांच्या कुठल्या पट्ट्यात तो आहे त्याची नोंद. गंमत अशी, की ऋतू ताऱ्यांवर ठरत नाहीत, पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर ठरतात, आणि तो आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांत दरवर्षी वीसेक मिनिटांची तफावत पडते. बहात्तर वर्षांत ती एक दिवसाची होते. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा पाचएक दिवस आधी लागायचा, आणि हजार वर्षांनी तो जूनची वीस तारीख उलटल्यावर लागेल. पेरणीचं घड्याळ इतक्या हळू सरकत असतं की कुठल्याच एका पिढीला त्याचा पत्ता लागत नाही.

रतनवाडीच्या बाजूला आम्ही ज्या घरी उतरतो तिथल्या मावशींना या हिशेबाशी काही देणंघेणं नाही. त्यांचं पंचांग वेगळं. "काजवं दिसाया लागलं का राब भाजून मोकळं व्हायचं," त्या म्हणतात. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर पालापाचोळा, डहाळ्या, शेण रचून ती जमीन भाजून घेणं. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते. मेअखेरीला या भागातून फिरलं की भाजलेल्या काळ्या चौकोनांनी उतार भरलेले दिसतात. घराच्या पडवीत सरपण रचलेलं असतं, कौलं चाळून झालेली असतात, एका कोपऱ्यात विकायचा राहिलेला बाळहिरडा वाळत पडलेला असतो. पुढचे चार महिने या गावाला घराबाहेर काही वाळवता येणार नाही. घाटमाथ्यावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला खाली उतरून संगमनेरला गेलं की तो जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. डोंगर ढगांना उचलतो, उचललेली हवा थंड होते, पाणी पश्चिमेलाच सांडून जातं आणि पलीकडे उरतो तो नुसता वारा.

त्या वाऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दुपारी चारनंतर इथे पश्चिमेकडून एक वारा सुटतो. सुरुवातीला तो फक्त बरा वाटतो. पण त्याचा प्रवास ऐकला की पडवीत बसल्याबसल्या ताठ व्हायला होतं. हा वारा निघतो विषुववृत्ताच्या पलीकडून, मॉरिशसच्या बाजूच्या समुद्रावरून. तेव्हा तिथे हिवाळा असतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी तो विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाचा किनारा घासत अरबी समुद्रावर येतो आणि वाटेत पाणी उचलत आपल्याकडे धावतो. या वाऱ्यातला सर्वांत वेगवान झोत फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ साली नीट मांडून दाखवला; आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हा झोत जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात वाहतो. कळसूबाईची उंची आहे १६४६ मीटर. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक बरोबर त्या झोताच्या वाटेत उभं आहे! जूनमध्ये शिखरावरच्या देवळापाशी उभं राहताना माणसं रेलिंग का घट्ट धरतात, त्याचं निम्मं उत्तर दक्षिण गोलार्धात आहे.

पण मोसमी पावसाच्या आधी येतो तो वळीव. त्याची जात निराळी. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, तीन-चार तासांत ढगांचे डोंगर उभे राहतात, कडकडाट, क्वचित गारा, अर्ध्या तासात खेळ खलास. उरतो तो मातीचा वास. त्यातला मुख्य गंध जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि तो बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्मजीव. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात आणि गंध हवेत उडवतात. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. आपलं नाक या वासाच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं. मात्र हा सुगंध आपल्यासाठी नाही. मातीत उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे बारके जीव या वासाने सूक्ष्मजीवांकडे ओढले जातात, त्यांच्यावर चरतात आणि जाताना त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन जातात. आपण उंबऱ्यात उभं राहून डोळे मिटून छाती भरून घेतो ती दुसऱ्याच्या जेवणाची घंटा.

आणि मग रात्र.

काजवे बघायला पहिली अट अंधाराची, दुसरी वेळेची. डोळ्याला खऱ्या अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मंद उजेडात बघणाऱ्या पेशींतलं रंगद्रव्य उजेडाने विरघळलेलं असतं, ते हळूहळू पुन्हा तयार होतं. मध्येच एकदा मोबाइल बघितला की हिशेब पुन्हा शून्यावर. त्यामुळे अर्धा तास नुसतं बसायचं. बोलायलाही फारसं सुचत नाही. पहिली दहा मिनिटं हात आपोआप खिशाकडे जातो, मग तो नाद सुटतो.

आधी दोन-चार ठिणग्या दिसतात. मग लक्षात येतं की समोरचा हिरडा पेटलेला आहे, पलीकडचा सादडाही, ओढ्यावरचं जांभळाचं झाड तर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. आणि हे लुकलुकणं वेडंवाकडं नाही. एका फांदीकडून निघालेली लाट झाडभर जाते, विझते, क्षणभर सगळं काळं, पुन्हा लाट.

मावशींच्या नातवाने एक काजवा अलगद माझ्या तळहातावर ठेवला. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, तपकिरी, डोकं ढालीखाली दडवलेलं. काजवा हा खरं तर भुंगेऱ्यांच्या कुळातला, पण याचे वरचे पंख भुंगेऱ्यासारखे कडक नसतात, मऊ लागतात. उलटा केला तर पोटाच्या टोकाशी दोन फिकट वलयं दिसली. दोन म्हणजे नर. या प्रकारच्या काजव्यांत मादीला बहुधा एकच असतं. ती वलयं पेटली, हिरवट पिवळ्या उजेडात तळहाताच्या रेषा दिसल्या, पण हाताला ऊब मात्र अजिबात नाही. ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ, ल्युसिफेरेज नावाचं विकर, पेशीतलं इंधन एटीपी आणि प्राणवायू हे एकत्र आले की हा थंड उजेड निघतो. त्या पेशींच्या मागे युरिक आम्लाच्या स्फटिकांचा एक पांढरा थर असतो, आरशाचं काम करणारा. शंभर रेणूंच्या प्रक्रियेतून ८८ वेळा प्रकाश बाहेर पडतो असं बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत छापलं जायचं. २००८ साली जपानी संशोधकांनी फेरमोजणी केली तेव्हा आकडा ४१वर आला. मला तो उतरलेला आकडाही पुरेसा थक्क करणारा वाटतो.

बटण दाबल्यासारखी उघडझाप होते ती कशी? पेशीत येणारा प्राणवायू एरवी कडेला बसलेल्या मायटोकाँड्रियाच फस्त करतात, आत काही पोचू देत नाहीत. मेंदूकडून संदेश आला की नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो, तो मायटोकाँड्रियांना क्षणभर थोपवतो, प्राणवायू आत शिरतो आणि दिवा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली की जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती शरीरात हाच वायू सोडते आणि रक्तवाहिन्या सैल करते. आजोबांच्या उशाखालची पुडी आणि हिरड्यावरचा हा उजेड यांच्या मुळाशी एकच रेणू आहे, हे मला कळलं तेव्हा मी ते पुन्हा वाचून खात्री करून घेतली होती.

उरलं ते तालाचं कोडं. एंगेलबर्ट केंफर या जर्मन प्रवाशाने १६९०मध्ये सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, नदीकाठची अख्खी झाडं एका ठेक्यात लुकलुकताना बघून लिहून ठेवलं होतं. पुढे कित्येकांनी हे थोतांड ठरवलं. बघणाऱ्याच्या पापण्याच लवत असतील असंही म्हणून झालं. १९६५ साली जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने बँकॉकच्या हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत काजवे सोडले. ते भिंतींवर, छतावर बसले. आधी जोडी जोडीने, मग तिघे-चौघे करत एका तालात आले. कुणीही ताल देणारा नाही. शेजारचा चमकला की आपलं घड्याळ किंचित पुढे-मागे करायचं, एवढाच नियम. १९९०मध्ये मिरोलो आणि स्ट्रोगाट्झ यांनी गणिताने सिद्ध केलं, की अशी कितीही एकसारखी घड्याळं घ्या, प्रत्येक चमक बाकीच्या सगळ्यांना थोडी पुढे ढकलत असेल तर ती जवळजवळ नेहमीच शेवटी एकत्र ठोके देऊ लागतात. ज्या नमुन्यावरून त्यांनी सुरुवात केली तो चार्ल्स पेस्किन यांनी १९७५ साली हृदयाचा ठोका धरणाऱ्या पेशींसाठी मांडला होता.

चमकणारे बहुतेक नर असतात, आणि मादी खालून, झुडपातून, ठरावीक अंतराने उत्तर देते. त्या उत्तरावर सगळं अवलंबून. म्हणून शनिवारी रात्री इथे जे चालतं ते बघवत नाही. गाड्यांची रांग, हेडलाइटचे झोत थेट झाडावर, काजव्याचा फोटो फ्लॅश मारून काढणारे हौशी. उजेडात मादीला नर दिसत नाही, नराला मादी. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं, गाडी गावात ठेवून चालत जावं आणि विजेरीला लाल कागद बांधावा.

त्यांच्याकडे वेळही फार नसतो. ज्याला आपण काजव्यांचा हंगाम म्हणतो तो त्यांच्या आयुष्याचा शेवटचा पंधरवडा. पंख फुटलेले बरेचसे काजवे काही खातदेखील नाहीत. मोसमी पाऊस एकदा धरून बसला की झाडं विझतात, आणि मादीने ओल्या मातीत घातलेल्या अंड्यांतून दोन-तीन आठवड्यांत अळ्या निघतात. जुलैत रंध्यापाशी कणसं खात भिजणाऱ्या गर्दीच्या पायाशी, पालापाचोळ्याखाली, त्या अळ्या गोगलगाईंच्या चिकट वाटा हुंगत फिरत असतात. त्याही पोटाशी मंद उजळतात, पण जोडीदारासाठी नव्हे. खाणाऱ्याला बजावण्यासाठी, की मी कडू आहे. गोगलगाय सापडली की कोयत्यासारख्या पोकळ जबड्यांतून तिला विष टोचायचं, ती लुळी पडली की पाचक रस सोडायचा आणि ती पातळ झाली की शोषून घ्यायची. पुढचे अकरा महिने त्यांचा हाच धंदा.