शिसं, साचा आणि छापखान्याचे खिळे

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याकडे ऊस आणि हळद. पश्चिमेला शिराळा ओलांडला की चांदोलीचं जंगल. तिकडे भुईमुगात रानडुकरं शिरली की एका रात्रीत रान नांगरल्यासारखं उकरून निघतं. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अशाच गावांत टिकली. परवाना मात्र बंदुकीचा, जनावर मारण्याचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि रानडुकरासाठीही वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

काडतुसांबद्दल सांगण्यासारखं थोडंच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. बारा बोअरची काडतुसं तिथलीच सगळ्यांच्या ओळखीची. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, म्हणून परदेशात घरोघरी चालणारा रिकामी काडतुसं पुन्हा भरण्याचा छंद इथे रुजला नाही.

खरी गंमत शिशाची. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. गोळी साधारण 38 ग्रॅमची, व्यास साडेअठरा मिलिमीटर. शिसं 327 अंशांना वितळतं, घरच्या शेगडीलाही ते जमतं. साचा थंड असेल तर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा भांड्यात टाकायच्या, साचा तापला की गुळगुळीत गोळी पडते. भांड्यात पाण्याचा थेंब गेला तर मात्र वितळलेलं शिसं स्फोटासारखं उडतं.

चांगलं शिसं कोणतं, यावर भांडण जुनं आहे. गोळी जितकी कडक तितकी चांगली, असं ठासून सांगणारे जाणकार आजही भेटतात. ते चूक आहेत, निदान ठासणीच्या बाबतीत. तिथे मऊ शिसंच हवं. नखाने ओरखडा उठला की समजावं, धातू शुद्ध आहे. ठासताना ते चिंधीसकट नळीत नीट बसतं. कडक धातूची जागा आटे असलेल्या, वेगवान रायफलीत. तिथे मऊ गोळी नळीत शिसं सोडत जाते.

कडक धातूचा जगभरातला आवडता स्वस्त साठा म्हणजे छापखान्याचे खिळे, छपाईसाठी जुळवायची धातूची अक्षरं. शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचं ते मिश्रण. अँटिमनीमुळे धातू थिजताना कमी आकसतो, म्हणून अक्षराच्या कडा धारदार येतात. त्याच कारणाने त्याच साच्यातली गोळी किंचित जाड आणि वजनाला हलकी निघते. अमेरिकेतले छापखाने बंद पडले तेव्हा गोळ्या ओतणाऱ्यांनी हा धातू पोत्यांनी उचलला.

खिळे इकडेही होते. आष्ट्यापासून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. 1920 साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. पुढे कित्येक वर्षं मराठी मासिकं आणि दिवाळी अंक अशाच खिळ्यांनी जुळले. ऑफसेट छपाई आली आणि खिळे भंगारात किलोवर गेले. क ची मात्रा कुठल्या घरात ठेवायची हे न बघता सांगणारे जुळारी गेले, आणि नखाने शिसं ओळखणारी माणसंही त्यांच्याबरोबर संपत आली. आता कुणी विचारलं तर बॅटरीच्या पाट्या वितळवा म्हणून सल्ला मिळतो. त्यातून विषारी वायू सुटतात. तो धातू घरात वितळवायचा नसतो.

शिसं स्वतःही निरुपद्रवी नाही. पाणथळ जागी पडलेले छर्रे पक्षी गिळतात, म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 पासून बंद केले. ओतताना खिडक्या उघड्या, मुलं दूर आणि नंतर हात साबणाने धुतलेले, एवढं तरी जुन्या ओतणाऱ्यांच्या घरात पाळलं जायचं.