हेकरूसाठी काठी घेताय? आधी दोरी ठरवा



भात झोडून झालं, पेंढा रचला, वाल पेरून झाला, की काल्हेर, कशेळी, अंजूर, पायेगाव अशा आपल्या भिवंडीच्या खाडीकाठच्या गावांत हाताला थोडी उसंत मिळते. कुणी पाग घेऊन खाडीत उतरतो, कुणी बांधावर गळ टाकून बसतो. तरुण मंडळी तर सोयऱ्याधायऱ्यांच्या होडीतून बाहेर समुद्रात हेकरूच्या मागे जातात. आमच्या कार्यक्रमाकडे प्रश्नही तोच येतो : काठी कोणती घ्यावी, रीळ कोणतं, दोरी किती जाड?

उत्तर थोडक्यात सांगायचं तर बैल बघून जोखड घ्यावं, जोखड बघून बैल नव्हे. मासा कसा वागतो ते आधी पाहा. त्यावरून दोरी ठरवा, दोरीवरून रीळ आणि शेवटी काठी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मीही केलं होतं. देखणी काठी घेतली आणि दोरी दुकानात होती ती भरून आणली. पहिलाच हेकरू लागला आणि दहा आकडे मोजायच्या आत खडकात शिरला. मी घाईनं दोरी हाताला गुंडाळून ओढली. दोरी खडकावर कातरली, मासा गेला आणि तळहात असा चिरला की पंधरा दिवस विळा धरता आला नाही. ते पैसे आणि तो हात तुमचा वाचावा म्हणून हे पत्रक.

हेकरूची रीत

हेकरू, ज्याच्या मोठ्या जातीला काही ठिकाणी गोबरा म्हणतात, हा खडकाच्या कपारीत राहणारा मासा. सुरमई गळाला लागली की दूरवर पळत सुटते. हेकरू तसं करत नाही. तो कपारीतून झेप घेतो, भक्ष्य तोंडात धरतो आणि लगेच घराकडे वळतो. एकदा आत शिरला की कल्ले फुगवून असा अडकून बसतो की ओढून निघत नाही. म्हणून पहिले काही हात दोरी कुणाची, तुमची की त्याची, यावर सगळा निकाल लागतो.

त्याला पकडण्याची एक पद्धत म्हणजे ट्रोलिंग. चालत्या होडीमागे ३० ते ४० मीटर अंतरावर नकली मासळी ओढत न्यायची. नाव सारखं वाटलं, तरी ट्रॉलरच्या ओढजाळ्याशी याचा संबंध नाही. इथे एक दोरी, एक गळ. होडीचा वेग ताशी साडेपाच ते नऊ किलोमीटर, म्हणजे ३ ते ५ नॉट पुरतो.

दोरी

भिवंडीकरांना सूत म्हणजे काय हे सांगायला नको. मागावरचं सूत जसं आपण ओढून पारखतो, तशीच ही दोरी पारखावी. तिचे मुख्य दोन प्रकार. एक, एकाच तंतूची नायलॉन दोरी. ती स्वस्त, घासली तरी चिवट, पण ताणली की रबरासारखी लांबते. हेकरूला तेवढीच सवड पुरते. दुसरी, बारीक तंतू गुंफून केलेली दोरी. ही जवळजवळ लांबत नाही, त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बारीक असते आणि पाणी सहज कापते. त्यामुळे नकली मासळी खोल जाते. मात्र खडकावर घासली की ती चटकन तुटते.

म्हणून दोन्हींची जोड लावा. रिळावर ४० ते ५० पौंड ताकदीची गुंफलेली दोरी भरा. (१ पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम.) तिच्या पुढे दीड वाव, म्हणजे सुमारे ९ फूट, ८० पौंडी एकतंतू नायलॉनचा तुकडा जोडा. याला लीडर म्हणतात. खडकाशी सामना या तुकड्यानं करायचा. गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणानं तापते आणि तिथंच तुटते.

रीळ

रिळावर निवडलेली दोरी निदान २०० मीटर मावली पाहिजे. ट्रोलिंगला आडव्या ढोलाचं रीळ सोयीचं, पण सवय नसेल तर दणकट स्पिनिंग रीळही चालेल. पाहायचा तो ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात. मासा ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढू लागला की ब्रेक दोरी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. हेकरूसाठी तो दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर ठेवा. ४० पौंडी दोरी म्हणजे १८ किलो, तर ब्रेक ६ किलोवर. हे अंदाजानं ठरवू नका. दोरीचं टोक तानकाट्याला बांधा, काठी धरून ओढा आणि काटा ६ किलोवर आला की दोरी सुटते का ते बघा. ब्रेक धक्के देत सुटत असेल तर ते रीळ घेऊ नका.

काठी

साडेपाच ते सात फुटांची, बुंध्याशी ताठ आणि टोकाला थोडी लवचिक काठी घ्या. काठीवर ती किती पौंडी दोरीसाठी आहे हे छापलेलं असतं. ते तुमच्या दोरीशी जुळवा. कार्बनची काठी हलकी, पण होडीच्या काठावर आपटली तर दगा देऊ शकते. फायबर ग्लासची जड, पण मार सोसते. नवशिक्यानं फायबर ग्लासच घ्यावी. दोरी जाते त्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून बघा. धागा अडकला तर कडीला चीर आहे, ती दोरी कापेल.

नकली मासळी किती खोल जाते हेही विचारून घ्या. ती खडकाच्या माथ्यावरून एक-दोन मीटर वरून गेली पाहिजे. फार वर राहिली तर हेकरू येत नाही आणि फार खाली गेली तर गळ खडकात अडकतो. मासा लागताच होडी खडकापासून खोल पाण्याकडे न्यावी. होडी हाकणाऱ्याला हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

वर्षातून दोन-चार वेळाच जाणार असाल तर काठी आणि रीळ घेऊच नका. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली, निदान १ मिलिमीटर जाड एकतंतू नायलॉनची हातदोरी पुरे. हातमोजे घाला आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. गुंफलेली बारीक दोरी हातानं ओढायची नाही.

ध्यानात ठेवा

१. परत आल्यावर रीळ, काठी आणि गळ गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, ब्रेक ढिला करून ठेवा. उन्हात नायलॉन कुजतं.

२. तुटलेली दोरी खाडीत किंवा बांधावर टाकू नका. पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या पायात ती अडकते.

३. हेकरूची पिल्लं खाडीत, खारफुटीच्या आसऱ्यानं वाढतात. बहुतेक जातींचे हेकरू आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. लहानगे उचलले तर पुढचं बियाणंच संपतं. राज्य शासनानं २०२३ मध्ये अनेक जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा आणि लहान मासा जिवंत सोडा.

४. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यंत्राची होडी मासेमारीला न्यायची नाही. एरवीही जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका.

दुकानात जाताना हे पत्रक खिशात असू द्या. दुकानदार काठी दाखवू लागला तर म्हणा, "आधी दोरी दाखवा." आणि हेकरू घरी आला की कार्यक्रमाला पत्र टाका. नाही आला, तर कुठे तुटलं ते जरूर कळवा. गाठीशी, खडकाशी की रिळाशी, हे समजलं की पुढचा सल्ला देता येईल.