बुशातला एक मिलिमीटर

होसूर रस्त्यालगतची बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत बंगळुरूच्या दक्षिण टोकाला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंची, सौम्य हवा आणि लांबलेला पाऊस, त्यामुळे इथे गवताला वाढायला निमित्त लागत नाही. मोठ्या आवारातली हिरवळ कापायला बसून चालवायचा गार्डन ट्रॅक्टर सोयीचा पडतो. त्याच्या पोटाखाली पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, म्हणजे डेक, लिंकांवर लटकलेला असतो. सीटशेजारचा दांडा ओढला की डेक वर येतो.

मग एके दिवशी हिरवळीवर पट्टे दिसू लागतात. डावीकडे गवत एकसारखं, उजवीकडे थेट लाल माती उघडी. संशय पात्यावर जातो, नवीन पाती येतात, पट्टे मात्र तसेच राहतात.

अशा वेळी आधी टायरची हवा पाहावी. एका बाजूची हवा उतरली तर आख्खा ट्रॅक्टरच कलतो. हवा ठीक असेल तर हात लिफ्टच्या, म्हणजे डेक उचलणाऱ्या यंत्रणेच्या, सांध्यांकडे गेला पाहिजे.

हे सांधे झिजतात ते त्यांच्या हालचालीमुळे. चाकाचा बेअरिंग गोल फिरतो आणि वंगण सगळीकडे पसरवतो. लिफ्टची पिन मात्र जेमतेम काही अंश मागेपुढे होते. प्रत्येक खड्ड्याला चाळीस-पन्नास किलोंचा डेक हादरतो आणि त्याच जागी घासतो. तिथून ग्रीस बाजूला ढकललं जातं, परत येत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन आर्चर्ड यांनी 1953 साली मांडलेला नियम असा, की झीज दाबाच्या आणि घसरलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते आणि धातू जितका कठीण तितकी कमी होते. त्यात इथली धूळ. बंगळुरूखालचा नाइस खडक सुमारे 3 अब्ज वर्षांचा. तिथल्या लालबागेत तो उघडा पाहता येतो. तो झिजून झालेल्या मातीत गारेचे कण असतात. मोह्सच्या मापात गारेचा कठीणपणा 7, साध्या पोलादाचा चार-साडेचार. ग्रीसमध्ये हे कण मिसळले की वंगणाची कानस होते.

पिन काढून तिच्यावरून नख फिरवावं. भार पडणाऱ्या बाजूला नख एका पायरीवर अडतं. समोरचं भोकही गोल राहिलेलं नसतं, लांबट झालेलं असतं.

हा ढिलेपणा तिथेच थांबत नाही. समजा, दांड्याची ओढ डेकपर्यंत नेणाऱ्या आडव्या शाफ्टवरचा छोटा हात 5 सेंटिमीटरचा आहे आणि डेक उचलणारा हात 15 सेंटिमीटरचा. मग छोट्या हाताच्या पिनेतला 1 मिलिमीटर डेकपाशी 3 मिलिमीटर होतो. पुढच्या सांध्यांचा ढिलेपणा त्यात मिळतो. आणि अनेक यंत्रांत पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा जेमतेम 3 ते 6 मिलिमीटर खाली ठेवायचं असतं! नाशिकच्या द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. अवजार जोडायच्या थ्री पॉइंट जोडणीतल्या खालच्या लिंकचे बॉल झिजले की मागचं अवजार असंच डुलतं.

तपासणी सपाट फरशीवर करावी. इंजिन बंद, किल्ली हातात, स्पार्क प्लगची वायर काढलेली. पात्याखाली हात घालण्याआधी यात सूट नको. एकाने डेक अर्धा उचलून एका बाजूने वरखाली हलवावा आणि दुसऱ्याने सांध्यांकडे पाहत राहावं. लिंक हलते आणि पिन जागेवर राहते, तिथे दोष. शाफ्टच चौकटीत उचलला जात असेल तर त्याचे बुश, म्हणजे भोकात बसवलेल्या नळ्या, गेलेत. दांडा हलतो पण शाफ्ट वळत नाही, तेव्हा वेल्डिंगला तडा गेलाय का हे पाहावं.

इथे बरेच जण नट फिरवून उंची जुळवून मोकळे होतात. उभ्या यंत्रावर माप बरोबर येतं, पहिल्याच खड्ड्याला पुन्हा बिघडतं. त्यापेक्षा लेथवाल्याकडे भोक मोठं करून नवा बुश दाबून बसवावा. तो पिनेपेक्षा मऊ, गनमेटलसारख्या धातूचा असावा, म्हणजे झिजायचं ते स्वस्त बुश झिजेल. ग्रीस निपल असेल तर आधी पुसून घ्यावं, मग काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारावा. प्लॅस्टिकच्या बुशांना मात्र यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच ग्रीस द्यावं, नाहीतर त्यावर धूळच चिकटते. नवा बुश बसल्यावर डावी-उजवी उंची पात्याच्या टोकापासून फरशीपर्यंत मोजावी, डेक दोन-चार वेळा वरखाली करावा आणि पुन्हा मोजावी.