यंत्राचे ज्ञान कोणाच्या दप्तरी?

संगणक विकत घेणारा मनुष्य त्यावर जी ऑपरेटिंग सिस्टीम आयती मिळते तिच्यावरच सहसा संतुष्ट राहतो. आणि विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांच्या पलीकडे हायकू, रिअ‍ॅक्टओएस, ओपनबीएसडी, रेडॉक्स अशा कितीतरी लहान सिस्टीम जगात नांदत आहेत, त्यांची वर्षानुवर्षे निष्ठेने जोपासना करणारी माणसेही आहेत, याची त्याला वार्ताही नसते. ज्यांना ती असते त्यांच्यात असा एक समज रूढ आहे की या सिस्टीम मुळातच तोकड्या असल्यामुळे मागे पडल्या. हा समज त्या माणसांवर अन्याय करणारा आहे. त्यांची वाट ज्या ठिकाणी अडते ते ठिकाण बहुधा त्यांच्या अखत्यारीबाहेरचे असते, आणि ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरइतके ते अन्यत्र कोठेही स्पष्ट दिसत नाही.

हायकूचेच उदाहरण घेऊ. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गॅसे यांनी १९९० साली 'बी' नावाची कंपनी स्थापन केली आणि ध्वनी, चित्र व चलच्चित्र यांची कामे एकाच वेळी विनासायास चालावीत या हेतूने बीओएस ही सिस्टीम नव्याने रचून घेतली. तिच्या चपळाईची तारीफ पुष्कळ झाली, परंतु बाजारात तिचा निभाव लागला नाही आणि २००१ साली कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी काही स्वयंसेवकांनी ती सिस्टीम पुन्हा लिहावयास घेतली. २००४ साली तिला हायकू हे नाव मिळाले, २००९ साली पहिली अल्फा आवृत्ती निघाली आणि पहिली बीटा आवृत्ती निघावयास २०१८ साल उजाडले. एवढा काळ का लागला याचे एक मोठे कारण असे की सिस्टीम एकदा लिहून ठेवता येते, पण तिच्याखालचे यंत्र मात्र दरवर्षी बदलत राहते.

हायकू पेनड्राइव्हवर उतरवून एखाद्या लॅपटॉपवर चालू केली, की काळोख्या पडद्यावर चित्रांची एक ओळ उमटते. सिस्टीमचा एकेक भाग जागा होत जातो तसतसे एकेक चित्र उजळत जाते आणि सारे सुरळीत असेल तर थोड्याच अवकाशात डेस्कटॉप समोर येतो. पण सारे सुरळीत असतेच असे नाही. कधी रुंद पडद्यावर अक्षरे आडवी ताणलेली दिसतात, कधी पडद्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा निरुपयोगी ठरतात, कधी जोडलेला दुसरा मॉनिटर काळाच राहतो, आणि कधी चित्रे उजळून झाल्यावर पडदा जो अंधारतो तो अंधारलेलाच राहतो. अशा वेळी यंत्र पुन्हा चालू करून, शिफ्टची कळ दाबून धरून, सुरक्षित पर्यायांच्या यादीत शिरावे लागते आणि तेथे आपत्कालीन ग्राफिक्स ड्रायव्हर निवडावा लागतो. मग चित्र येते. परंतु यंत्राच्या फर्मवेअरने ठरवून दिलेल्या मोजक्या आकारांतच येते आणि ग्राफिक्स चिपची बाकीची सारी शक्ती निजलेलीच राहते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी ड्रायव्हरचे काम थोडे जवळून पाहिले पाहिजे. ड्रायव्हर हा सिस्टीम आणि यंत्रभाग यांच्यामधला दुभाषा होय. पडद्यावर खिडकी काढ, हा सिस्टीमचा हुकूम तो त्या विशिष्ट चिपला कळेल अशा संकेतांत तिच्यापर्यंत पोहोचवतो. संगणकातल्या प्रत्येक पीसीआय भागावर त्याच्या उत्पादकाचा व प्रकाराचा असे दोन क्रमांक नोंदलेले असतात. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ हा आहे, आणि १९७८ साली त्या कंपनीने बाजारात आणलेल्या प्रोसेसरचा क्रमांकही हाच होता. ड्रायव्हर हे क्रमांक वाचतो आणि आपल्या यादीशी त्यांची रुजवात घालतो. यादीत नोंद नसेल, तर सिस्टीम कितीही उत्तम असो, ती चिप तिच्या लेखी अनोळखीच राहते.

नोंद असली तरी पुढचे काम सोपे नाही. मॉनिटर आपल्या क्षमतांची किमान १२८ बाइटची एक लहानशी यादी स्वतःजवळ बाळगतो. ती वाचून योग्य आकार व वेग ठरवणे ही पहिली पायरी. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, प्रत्येकाच्या रंगासाठी चार बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ८३ लाख बाइट होतात, आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी बाइटांची उलाढाल झाली. त्रिमितीय दृश्ये काढावयाची झाली तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण आजची ग्राफिक्स चिप हा स्वतंत्र आज्ञासंच असलेला एक संपूर्ण प्रोसेसरच असून तो आज्ञासंचही पिढीगणिक बदलतो. लिनक्समधील एएमडीच्या ड्रायव्हरच्या ओळींची संख्या चाळीस लाखांच्या वर गेली आहे. त्यांतील बराचसा भाग आपोआप तयार झालेल्या नोंदींचा असला, तरी मूठभर स्वयंसेवकांनी ज्याची बरोबरी करावयाची तो डोंगर केवढा आहे याचा अंदाज त्यावरून येतो. हायकूने इंटेल व एएमडी यांच्या अनेक चिपांसाठी पहिली पायरी स्वतः बांधली; त्रिमितीय चित्रणाचे काम मात्र तेथे मुख्य प्रोसेसरच मेसा या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ओढत आला आहे.

परंतु कष्टांपेक्षाही मोठा अडसर ज्ञानाचा आहे. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता अंक घातला असता चिप काय करते, ही माहिती उत्पादकाच्या दप्तरी असते आणि ती उघड करण्याची सक्ती त्याच्यावर नसते. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कंपनीचाच बंद ड्रायव्हर चालू ठेवून तो चिपला काय काय लिहून पाठवतो याची टिपणे घेतली, टिपणे ताडून पाहिली, अर्थ लावला, आणि अशा चिकाटीच्या शोधातून उभा राहिलेला ड्रायव्हर २०१० साली लिनक्समध्ये दाखल झाला. पुढे २०१४ च्या सुमारास आलेल्या कार्डांना कंपनीने स्वाक्षरी केलेले फर्मवेअर अनिवार्य केले, आणि कार्डाचा वेग वाढवण्याच्या किल्ल्याच नूव्होच्या हाती उरल्या नाहीत. याच्या उलट, एएमडीने २००७ च्या सप्टेंबरात आपल्या चिपांचे तांत्रिक दस्तऐवज खुले करण्याचे धोरण जाहीर केले आणि त्या आधारावर उत्तम मुक्त ड्रायव्हर उभे राहिले.

लहान सिस्टीम परस्परांच्या आधाराने जगतात. हायकूने मधला एक थर लिहून फ्रीबीएसडी या सिस्टीमचे नेटवर्क ड्रायव्हर आपल्याकडे चालवले, पुढे वायफायसाठी ओपनबीएसडीचेही घेतले. ग्राफिक्सच्या बाबतीत उसनवारी अवघड जाते, कारण लिनक्सचे हे ड्रायव्हर त्याच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, अंतर्गत रचनेत खोल गुंतलेले असतात आणि ती रचना सतत पालटत असते. फ्रीबीएसडीलासुद्धा त्यासाठी वेगळा थर सांभाळावा लागतो. तरीही मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला, त्यातील बराचसा अंश कोणत्याही एका सिस्टीमला बांधलेला नव्हता, आणि तो हायकूवर चालवून पाहण्याचे प्रयत्नही पुढे झाले. दार एका ठिकाणी उघडले तरी त्यातून किती जण आत येऊ शकतात, याचे हे ताजे प्रमाण आहे.

जिज्ञासू वाचकाने अशी सिस्टीम अवश्य चालवून पाहावी, मात्र आधी आपल्या यंत्रातली ग्राफिक्स चिप व वायफाय चिप कोणती हे पाहून घ्यावे. काही वर्षांपूर्वीचा, इंटेलची अंगभूत चिप असलेला लॅपटॉप बहुधा कमी त्रास देतो. पण प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. उत्पादक जुन्या कार्डाची जबाबदारी आज ना उद्या सोडतोच, आणि त्याचे दस्तऐवज बंद असतील तर धडधाकट यंत्र केवळ ज्ञानाअभावी अडगळीत जाते. जो ग्राहक यंत्राची पूर्ण किंमत मोजतो, त्याला ते यंत्र कसे चालते हे वाचण्याचा आणि दुसऱ्या कोणालाही ते चालवू देण्याचा अधिकार असला पाहिजे. चिपचे वर्णन प्रसिद्ध करणे ही उत्पादकाची मेहेरबानी न राहता विक्रीची शर्तच झाली पाहिजे.