जलद व मंद स्नायुतंतूंमधील कॅल्शियमचे नियमन

प्रस्तावना

स्नायुतंतू जलद आहे की मंद, हे मायोसिन या प्रथिनाच्या प्रकारावरून ठरते, असे सामान्यतः शिकविले जाते. तथापि मायोसिनमुळे मुख्यत्वे आकुंचनाच्या वेगाचाच उलगडा होतो. तंतू किती लवकर शिथिल होईल, हे बव्हंशी पेशीद्रवातील कॅल्शियम किती त्वरेने दूर केले जाते यावर अवलंबून असते.

कॅल्शियमचे चक्र

विश्रांत तंतूच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल किंवा त्याहूनही कमी असते. चेतासंवेग येताच सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम या जालिकेतून कॅल्शियम बाहेर पडते व ट्रोपोनिन-सी या प्रथिनाशी बद्ध होऊन आकुंचन घडविते. त्यानंतर जालिकेच्या पटलातील 'सर्का' हा पंप एटीपीच्या प्रत्येक रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन पुन्हा आत घेतो.

दोन प्रकारांतील भेद

जलद तंतूंत ही जालिका अधिक विस्तृत असते व तिच्यात सर्का-१ पंपांची दाटी असते. एका संवेगासरशी बाहेर पडणारे कॅल्शियमही अधिक असते. ते वेगाने येते आणि तितक्याच वेगाने परत जाते. मंद तंतूंत मुख्यतः सर्का-२ हा पंप आढळतो व पंपांची संख्याही कमी असते. त्यामुळे कॅल्शियम पेशीद्रवात अधिक काळ रेंगाळते आणि कमी वारंवारतेच्या संवेगांतूनही अखंड ताण टिकून राहतो. पंपावर होणारा एटीपीचा खर्च वाचतो. तासन्‌तास उभे राहताना शरीर सावरणाऱ्या पोटरीतील सोलियस स्नायूला हीच काटकसर उपयोगी पडते.

उंदरांच्या जलद तंतूंत पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिनही कॅल्शियम तात्पुरते बांधून शिथिलीकरणास गती देते. मानवी स्नायूंत मात्र ते जवळजवळ नसते. म्हणून उंदरांवरील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

ब्रॉडी विकार

या भेदाचे महत्त्व १९६९ मध्ये प्रथम वर्णिलेल्या ब्रॉडी विकारातून ध्यानात येते. १९९६ मध्ये काही रुग्णांत सर्का-१ च्या जनुकातील उत्परिवर्तने आढळली. अशा रुग्णांचे स्नायू व्यायामाच्या वेळी ताठरतात. वेगाने वारंवार मूठ वळल्यावर ती लवकर उघडत नाही. येथे आकुंचन होते, दोष शिथिलीकरणात असतो.

समारोप

सारांश, शिथिलीकरण ही केवळ आकुंचन थांबल्याची अवस्था नसून ऊर्जा खर्चून घडणारी स्वतंत्र क्रिया आहे. जलद तंतू या क्रियेत वेगासाठी ऊर्जा मोजतो, तर मंद तंतू वेग सोडून ऊर्जा राखतो. स्नायूंचे अध्यापन करताना मायोसिनच्या जोडीने कॅल्शियमच्या या परतीच्या प्रवासासही स्थान मिळणे आवश्यक आहे.