संसार आणि कायदा – भाग ६ : समोरचा तयार नसेल तर

गेल्या आठवड्यात परस्परसंमतीचा घटस्फोट पाहिला. पण "मरेपर्यंत तुला सोडणार नाही" असं एकाने बजावलं, तर दुसऱ्याने जन्मभर अडकून पडायचं का? मुळीच नाही. घटस्फोटाचा हुकूम न्यायालय देतं. त्याला नवऱ्याची किंवा बायकोची परवानगी लागत नाही. लागतं ते कायद्यात बसणारं कारण आणि त्याचा पुरावा.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये ही कारणं दिली आहेत. (हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे.) व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षं ठावठिकाणा नसणं वगैरे त्यात आहेत, पण खरी भिस्त असते दोनांवर : छळ, आणि सबळ कारणाशिवाय सलग दोन वर्षं टाकून जाणं.

छळ सिद्ध कसा करायचा? पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये याचं उत्तर दिलं. निकाल न्या. यशवंत चंद्रचूड यांचा. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. दोन्हींकडचं तोलून जे अधिक संभवनीय, ते न्यायालय धरून चालतं. याच खटल्यात बायकोने केलेला छळ शाबीत झाला, तरी नवरा हरला. त्यानंतरही दोघांचा संसार चालू होता, म्हणजे त्याने छळ माफ केला, असं न्यायालयाने मानलं. मात्र ही माफी सशर्त असते. पुन्हा छळ झाला तर जुनी प्रकरणंही नव्याने उभी राहतात. म्हणून घरच्यांच्या शब्दाखातर पुन्हा नांदायला गेलात, तरी दवाखान्याचे कागद, पोलिसांकडच्या तक्रारीची पोच, मोबाइलवरचे मेसेज फेकू नका.

लग्नाला वर्ष झाल्याशिवाय सहसा अर्ज करता येत नाही. बायकोला स्वतः राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. आधी समुपदेशकाकडे समेटाचा प्रयत्न होतो. समन्स मिळूनही समोरचा फिरकलाच नाही, तर खटला एकतर्फी चालतो. पुरावा मात्र तेव्हाही द्यावाच लागतो. तो हजर राहून लढला, तर उलटतपासणी, तारखा, मग अपील. यात वर्षं जातात, आणि ही दिरंगाई अन्यायकारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो.

"नातं कधीचंच संपलंय" एवढं कारण कौटुंबिक न्यायालयात पुरत नाही. त्या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनेच्या कलम १४२ खाली स्वतःपुरता मान्य केला आहे. कायद्यात हे कारण आलं पाहिजे. विधी आयोगाने तशी शिफारस १९७८ मध्येच केली होती.

पैशाअभावी अर्ज रखडला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीचं उत्पन्न कितीही असो, १९८७च्या कायद्याने ती तिथे मोफत वकिलासाठी पात्र आहे.