ऑर्क्रिस्ट : थडग्यावरची मानाची तलवार

ट्रोलांची गुहा म्हणजे लुटीचं कोठार. जमिनीवर हाडं, हवेत कुबट वास, कोपऱ्यात सोन्याच्या नाण्यांनी भरलेली मडकी आणि त्याच पसाऱ्यात पितळेची बटणंही. भिंतीवर बळींचे कपडे टांगलेले, त्यांत काही तलवारी. दोन तलवारी देखण्या म्यानांमुळे आणि रत्नजडित मुठींमुळे नजरेत भरतात. एक गँडाल्फ हा जादूगार उचलतो. दुसरी घेतो थोरिन, ड्वार्फांच्या हिरावल्या गेलेल्या राज्याचा वारस. जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९३७ साली आलेल्या ‘द हॉबिट’मधला हा प्रसंग. थोरिनच्या हाती आलेली तलवार म्हणजे ऑर्क्रिस्ट.

तिच्या पात्यापेक्षा तिचा प्रवास मला जास्त मोलाचा वाटतो. एल्फांनी घडवलेलं हे हत्यार लढाईचंच, पण त्याला खरा मान मिळाला तो लढाई संपल्यावर, तोही परक्या जमातीच्या राजाच्या थडग्यावर.

तलवारीला नाव असतं, हे भवानीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र ऑर्क्रिस्टचं नाव तिच्या नव्या धन्याला ठाऊक नसतं. ते कळतं रिव्हेंडेलला, एल्फकुळातल्या एल्रॉन्डच्या घरी. तो दोन्ही तलवारींवरची रून लिपी वाचतो आणि त्यांची कुळकथा सांगतो: गोंडोलिन नावाच्या एल्फनगरीत, गॉब्लिनांशी झालेल्या युद्धांसाठी या घडवल्या गेल्या. थोरिनची ऑर्क्रिस्ट, म्हणजे गॉब्लिनांना चिरणारी. गँडाल्फची ग्लॅमड्रिंग, म्हणजे शत्रूवरचा घण, आणि ती एके काळी खुद्द गोंडोलिनच्या राजाच्या कमरेला होती. ड्रॅगन आणि गॉब्लिनांनी ते नगर उद्ध्वस्त केलं, तेव्हा या तलवारी लुटीत गेल्या असाव्यात, असा त्याचा तर्क. टोल्किन यांनी मागाहून सिद्ध केलेल्या कालगणनेनुसार गोंडोलिनचा पाडाव आणि ही भेट यांत सहा हजारांहून अधिक वर्षं जातात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘द सिल्मरिलियन’ यांत एल्रॉन्डची वंशावळ स्पष्ट होते. गोंडोलिनचा राजा टुर्गोन, त्याची मुलगी इड्रिल, तिचा मुलगा एआरेन्डिल आणि त्याचा मुलगा एल्रॉन्ड. म्हणजे गँडाल्फच्या हातातली तलवार एल्रॉन्डच्या पणजोबांची! वारसाहक्क सांगायचा झाला तर त्याच्याइतका मोठा हक्कदार दुसरा कोणी नव्हता. तो तलवारी वाचतो, त्यांची ओळख पटवून देतो आणि ज्यांच्या हाती आल्या त्यांच्याकडेच राहू देतो. थोरिनही ही तलवार मानाने बाळगीन, असा शब्द देतो.

एल्फांच्या आठवणीइतकीच त्यांच्या शत्रूंची आठवणही पक्की आहे. वाटेत डोंगराच्या पोटात थोरिन आणि त्याचे सोबती पकडले जातात, तेव्हा गॉब्लिनांचा म्होरक्या ही तलवार पाहतो आणि संतापाने किंचाळतो. त्याचे शिपाई दात खातात, ढाली आपटतात. त्यांच्या लेखी तिचं नाव एकच, चावरी. पुढे बोगद्याच्या वळणावर गँडाल्फ आणि थोरिन एकाएकी मागे फिरतात, तेव्हा पाठलागावरच्या गॉब्लिनांच्या डोळ्यांसमोर दोन्ही पाती थंड, लख्ख तेजाने तळपत असतात. शत्रू जवळ आला की उजळायचं, हा या पात्यांचा गुण.

टोल्किन यांना अशा तलवारी नव्या नव्हत्या. ते ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि १९३६ साली ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यावर त्यांनी दिलेलं व्याख्यान आजही अभ्यासलं जातं. त्या काव्यात एक राक्षसांच्या काळची तलवार आहे. तिचं पातं वितळून जातं, उरते फक्त मूठ. वृद्ध राजा ह्रोथगार ती हातात घेऊन न्याहाळतो, कारण ती मुळात कोणासाठी घडवली हे रून अक्षरांत तिच्यावर कोरलेलं असतं. एल्रॉन्ड पात्यावरची अक्षरं वाचतो तेव्हा मला ह्रोथगारच आठवतो. गोंडोलिनची मूळ कथाही टोल्किन यांनी फार आधी, १९१६-१७ च्या सुमारास लिहिली. सोमच्या रणभूमीवरून खंदकताप घेऊन ते परतले होते, त्या आजारपणातलं हे लेखन. पडलेल्या नगराची आणि त्यातून वाचलेल्या शस्त्रांची कथा पहिलं महायुद्ध पाहून आलेल्या तरुणाने लिहावी, याचं नवल वाटत नाही.

ऑर्क्रिस्टची कथा वळण घेते ती मर्कवुडच्या रानात. तिथला एल्फराजा थोरिनला कैद करतो आणि त्याची तलवार काढून घेतो. एल्फ आणि ड्वार्फ यांचं वैर फार जुनं, रत्नांवरून आणि मजुरीवरून पेटलेलं. त्यामुळे थोरिन शेवटची लढाई या तलवारीविनाच लढतो, हातात कुऱ्हाड घेऊन. त्या लढाईत त्याला प्राणांतिक जखमा होतात. त्याला ड्वार्फांचं राज्य असलेल्या डोंगराखाली खोल पुरतात. माणसांचा पुढारी बार्ड त्याच्या छातीवर आर्कनस्टोन ठेवतो, ज्या रत्नापायी थोरिनने मित्रही दूर केले होते ते. मग एल्फराजा येतो आणि जप्त केलेली ऑर्क्रिस्ट थडग्यावर ठेवतो. टोल्किन यांनी हे एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकलं आहे. त्यांनी इथे आणखी दोन वाक्यं खर्ची घालायला हवी होती, असं मला दर वेळी वाटतं. एल्फ कारागिरांचं सर्वोत्तम काम एल्फांचाच राजा ड्वार्फांच्या स्वाधीन करतो, तेही घेणारा हयात नसताना. या कृतीत क्षमा मागणं आहे, आदर आहे आणि वैराचा हिशेब मिटवणंही आहे.

या कथेचं प्रत्यक्ष उदाहरण इंग्लंडच्या मातीत होतं. ‘द हॉबिट’नंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, सफोकमधल्या सटन हू इथे सातव्या शतकातलं एक जहाजदफन उकरून काढलं गेलं. सुमारे २७ मीटर लांबीच्या त्या जहाजात मृताची तलवार ठेवलेली होती, मुठीवर सोनं आणि लालभडक गार्नेट. टोल्किन यांनी ती पाहून लिहिलं नव्हतं. जुन्या काव्यांतून जे उमगलं होतं, त्याचीच साक्ष जमिनीतून वर आली.

पीटर जॅक्सनच्या ‘द हॉबिट’वरच्या चित्रपटांसाठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने ऑर्क्रिस्ट घडवली. तिचं पातं बाकदार, मूठ ड्रॅगनच्या दाताची. वस्तू म्हणून ती अप्रतिम आहे. पण पडद्यावर एल्फराजाचा मुलगा लेगोलस तलवार जप्त करतो, तीच घेऊन लढतो आणि भर युद्धात थोरिनकडे फेकतो. क्षण थरारक आहे खरा, पण राजाने ती स्वतः थडग्यावर नेऊन ठेवण्याचं वजन त्यात उरत नाही. २०१४ च्या चित्रपटगृहांतल्या आवृत्तीत तर थोरिनचा अंत्यविधीच नव्हता. तो पुढच्या विस्तारित आवृत्तीत आला.

पुस्तकात तलवारीचं काम थडग्यावरही चालूच राहतं. शत्रू जवळ आला की ती अंधारात उजळते, म्हणून ड्वार्फांचा तो दुर्ग कोणाला अचानक गाठता येत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांत थोरिनच्या मृत्यूनंतर ७८ वर्षांनी झालेलं युद्ध आहे. त्यात डोंगराचा राजा डाइन आणि डेल या माणसांच्या नगराचा राजा ब्रँड दाराशीच धारातीर्थी पडतात, पण आत गेलेले ड्वार्फ आणि माणसं वेढा सोसतात, अखेर बाहेर पडून शत्रूला हुसकावून लावतात. दुर्ग पडत नाही.